उणं सांगणारी खुशबू

आपल्या मुलखात कौतुकाला कधी तोटा पडला नाही. पोरगं भरतीत पहिल्या फेरीला टिकलं तरी चौकात फ्लेक्स लागतो, आणि त्या फ्लेक्सवर पोरापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे असतात. पण काही लिहिलंय म्हणून कुणाकडे घेऊन जा आणि विचारा, बाबा, वाचून सांग कसं झालंय. गडी पानावरून नजर फिरवतो, "लई भारी" म्हणतो आणि पुन्हा मोबाईलमध्ये तोंड घालतो. लिहिणाऱ्याला बरं वाटतं, आणि लिहिलेलं होतं तिथंच राहतं. उणं नीट सांगणारं माणूस शोधून काढावं लागतं. मंचरला तसं एक आहे. नाव खुशबू, वय सतरा, आणि शनिवारी शेवटच्या तासाला ती बारावीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेली असते.

खुशबूच्या घरचं मंचरात कांदा-बटाट्याच्या आडतीचं दुकान आहे. पणजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. आजोबा पोपटलाल इतकं रांगडं मराठी बोलतात की नवखा शेतकरी त्यांना आपल्याच भावकीतला समजतो. घरात मारवाडी राहिली ती आजी झमकूबाईंच्या तोंडी, आणि तीही राग आला की. दुकान आता वडील पारसशेठ बघतात, पण आजोबा रोज सकाळी येऊन गादीवर बसल्याशिवाय राहत नाहीत. खुशबू शाळेत जायच्या आधीपासून त्या गादीच्या कडेला खेळत वाढली. माल बघणं आणि मालाला नावं ठेवणं तिच्या कानावर पहिल्यापासूनच पडत आलं.

अकरावीत मराठीच्या हिंगे सरांनी एक प्रथा पाडली. शनिवारी एकाने स्वतः लिहिलेलं वाचायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. पहिले काही शनिवार दोनच प्रकार झाले. वाचणारा वर्गात वजनदार असला तर टाळ्या, नसला तर खिदळणं. मग कळंबच्या संस्कृतीची पाळी आली. तिने रोजच्या एसटीच्या प्रवासावर लिहिलं होतं. ती वाचून खाली बसली तशी खुशबू उठली आणि तिने एकेक चूक काढून दाखवली. सुरुवात लांबली, मधे पाल्हाळ लागला, हायवेची वाहतूक दोनदा आली, शेवट पाठ्यपुस्तकातला वाटतो. खोटं काहीच नव्हतं. बोलून झाल्यावर खुशबूला वाटलं, चला, कुणीतरी खरं बोललं. संस्कृतीने त्यानंतर वाचायला हात वर केला नाही.

पर्युषण संपलं की जैनांच्या घरी एकमेकांची क्षमा मागायची रीत आहे. हल्ली ती बहुतेक मोबाईलवरच उरकते, एक मेसेज सगळ्यांना. खुशबूने तसा मेसेज पाठवला, पण मनाला चैन पडेना, म्हणून ती वर्गात संस्कृतीच्या बाकाशी जाऊन उभी राहिली आणि समोरासमोर क्षमा मागितली. संस्कृतीने वही मिटली.

"माफी राहू दे गं," ती म्हणाली. "त्यात चांगलं काय व्हतं, ते सांग."

 खुशबूला एकही वाक्य आठवेना. चुका सगळ्या पाठ होत्या, चांगलं तिने बघितलंच नव्हतं. त्या दिवशी ती घरी आली ती थेट आजोबांच्या गादीवर जाऊन बसली आणि घडलेलं सगळं त्यांना सांगून टाकलं.

आता पोपटलालांची एक खोड मंचरच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. शेतकऱ्याने माल उतरवला की हे लिलावाच्या आधी ढिगाशी जातात, आणि हात घालून सगळ्यांत देखणा कांदा बाहेर काढतात. तो शेतकऱ्याच्या हातात देतात आणि म्हणतात, पाटील, हा तुमचा माल. आता ह्याच्या शेजारी ज्याला बसायची लाज वाटंल तेवढा उचला. मग शेतकरी आपणच खाली बसून जोडकांदा, मोड आलेला, बारकी चिंगळी असं निवडून बाजूला करतो, आणि ढीग उजळतो. खुशबूने हे शेकडो वेळा बघितलं होतं. बघून बघून दिसेनासं झालं होतं, इतकंच.

"लिलावात खोट काढत्यात ती भाव पाडाया," आजोबा तिला म्हणाले. "निवडताना खोट काढत्यात ती भाव यावा म्हणून. तू कुठं उभी व्हतीस?"

दुसऱ्या दिवशी तिने संस्कृतीकडून ते पान मागून घेतलं. आर्जवं करावी लागली, पण मिळालं. त्यात मधेच एक ओळ होती: कंडक्टरकाकांना माझं नाव माहीत नाही, पण मी थांब्यावर दिसले नाही तर ते बेल मारायला उशीर करतात. खुशबूने तेवढीच ओळ संस्कृतीला वाचून दाखवली आणि म्हणाली, बाकीचं हिच्या शेजारी बसंल असं लिही. संस्कृतीने लिहिलं. आज दोघी एका बाकावर बसतात.

तेव्हापासून खुशबूची एक पद्धत ठरून गेली. कुणी वाचत असलं की ती मान खाली घालून ऐकते. मग जी ओळ त्याच माणसाला लिहिता आली असती ती बरोबर उचलते, आणि त्या ओळीवर एक प्रश्न विचारते. वर्गातल्या ऋषीने ट्रॅक्टरवर निबंध लिहिला होता, सगळा जाहिरातीतला; ट्रॅक्टर बंद पडल्याची ओळ तेवढी त्याची स्वतःची. तिने विचारलं, बंद पडला तेव्हा तुझ्या वडलांनी आधी फोन कुणाला लावला? ऋषीने पुढच्या शनिवारी दोन पानं जास्तीची आणली. चांगलं ते ती चारचौघांत सांगते आणि उणं एकट्याला गाठून, आणि गोलगोल बोलून वेळ काढत नाही. मोठमोठ्यांना जे साधत नाही ते ह्या पोरीला साधलंय, आणि त्याचा तिला पत्ताही नाही. मला विचाराल तर ह्या गुणासाठी एखादी शाल जपून ठेवायला हरकत नाही.

पण खरी परीक्षा झाली ती ह्या वर्षी, अमृतच्या वेळी.

अमृत पारगावचा. घरचा ऊस, घर मळ्यात. आवाज असा की माईकने लाजावं. आपल्याकडे दशक्रियेला नदीकाठी भाषणं होतात. कावळा शिवायची वाट बघत मंडळी बसलेली असतात आणि एकेक जण उठून गेलेल्याचे गुण गातो. अमृत दहावीत असल्यापासून तिथे 'तरुणांच्या वतीने' बोलतो. त्याचं भाषण असलं की बायाबापड्यांचा पदर डोळ्याला लागतो, अशी त्याची ख्याती. सप्टेंबरात विद्यालयात आजी-आजोबा दिवस असतो. सरांनी ठरवलं, एका मुलाने स्वतःच्या आजोबांवर लिहिलेलं वाचायचं, आणि त्या आजोबांना पहिल्या रांगेत बसवायचं. आवाजापायी निवड झाली अमृतची. कार्यक्रम शुक्रवारी. त्याआधीच्या शनिवारी त्याने वर्गात वाचून दाखवलं.

"आदरणीय गेणभाऊ म्हणजे कष्टाचा डोंगर आणि मायेचा सागर," अशी सुरुवात झाली आणि मग सागराला भरतीच आली. हयातभर त्यांनी कुणाला दुखावले नाही. असा मनमिळाऊ माणूस पुन्हा होणे नाही. त्यांच्या आठवणी आमच्या हृदयात सदैव तेवत राहतील. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला. आणि तिकडे ते गेणभाऊ त्या घटकेला पारगावात धडधाकट, खांद्यावर फावडं टाकून उसाला पाणी देत होते.

खुशबूला हसू आलं नाही. तिला अमृतची कीव आली, आणि थोडी सगळ्यांचीच. आपल्याकडे माणसाचं भरभरून कौतुक एकदाच होतं, आणि ते ऐकायला तो माणूस नसतो. अमृतने दुसरं ऐकलं होतं कुठे? प्रेम होतं म्हणून त्याने त्याच्याजवळ होते ते सगळ्यात भारी शब्द आजोबांना दिले होते.

मात्र त्या भरतीतून एक ओळ तरून गेली होती: आजोबा मला रोज सकाळी रस्त्यापर्यंत सोडायला येतात व बिबट्याने लांब राहावे म्हणून मोठमोठ्याने बोलत चालतात. खुशबूने नेहमीसारखा एकच प्रश्न विचारला.

"काय बोलतात रे?"

अमृतचे कान लाल झाले. वर्गात खसखस पिकली, कारण बारावीचा घोडा आजोबांच्या सोबतीने एसटी गाठतो हे कुणाला माहीत नव्हतं. काय बी बोलत्यात, वाघाला कळावं म्हणून, असं पुटपुटून तो खाली बसला. बिबट्याला तिकडे वाघच म्हणतात.

सुटल्यावर एसटी स्टँडवर संस्कृतीने खुशबूची बाही धरली. टाळ्या मिळाल्यात त्याला, आता राहू दे, असं तिचं म्हणणं. खुशबूलाही भीती होतीच. एकदा तिच्या बोलण्याने एक लिहितं माणूस गप्प झालं होतं. आता अमृत बिथरला आणि वाचणारच नाही म्हणाला, तर म्हातारा आशेने येऊन रिकाम्या हाताने परत जाणार. आणि ती गप्प बसली, तर सगळ्या विद्यालयासमोर म्हाताऱ्याला स्वतःची दशक्रिया ऐकावी लागणार. अमृत पारगावच्या गाडीची वाट बघत उभा होता. खुशबू त्याच्याजवळ गेली.

"अमृत, आजोबा शुक्रवारी पहिल्या रांगेत बसणार ना?"

"मग. नवी टोपी आणलीय त्यांला."

"तू हे वाचशील तेव्हा त्यांनी तोंड कसं करून बसायचं?"

 अर्थ ध्यानात आला तसा तो तडकला.

"म्हंजे जित्या माणसाचं दहावं घातलं म्हण की मी. तुमचं कामच हाय ते. माल कसा बी असू द्या, आधी भाव पाडायचा."

हे तिला लागलं. आडतीवर घरच्यांना असं बोलणारे पुष्कळ भेटतात, पण वर्गातला पोरगा बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. संस्कृती पुढे सरसावली, तिला खुशबूने हाताने थांबवलं.

"भाव पाडायचा असता तर वर्गात बोलले असते," ती म्हणाली. "डोंगर, सागर कुणाच्याही आजोबांना लागू पडतं. ते रस्त्याने बोलतात ते फक्त तुझ्या आजोबांचं आहे. ते लिही."

गाडी आली. अमृत चढला. सोमवारी तो तिच्याकडे न बघता गेला, मंगळवारीही. खुशबूचं जेवणावरचं लक्ष उडालं. झमकूबाई तिला मारवाडीत बोलल्या. बुधवारी मधल्या सुट्टीत त्याने तिच्या बाकावर तीन पानं ठेवली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. तिने वाचली, पुन्हा वाचली, आणि त्याच्याजवळ जाऊन एवढंच म्हणाली, शेवटचा परिच्छेद काढ, तिथं तू परत नदीकाठी गेलास. तो हसला. शनिवारनंतर पहिल्यांदाच हसला.

शुक्रवारी गेणभाऊ नव्या टोपीत पहिल्या रांगेत बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, पंगतीत वाढायची वाट बघत बसावं तसे. अमृतने माईक घेतला. घरात आमचे आजोबा बोलत नाहीत, असं त्याने वाचलं. जेवायला वाढ, मोटर चालू झाली का, एवढ्यावर त्यांचा दिवस जातो. पण उजाडायच्या आत उसाच्या बांधाने निघालो की ते मोठ्याने हाक देतात, "ऐक रं वाघा," आणि सुरू होतात. कारखान्याच्या रांगेत बैलगाडीवर झोप लागली आणि बैलांनी उसासकट घरी आणून सोडलं, ते वाघाला सांगतात. म्हशींमागं जायला लागलं म्हणून चौथीत शाळा सुटली, आणि पुस्तक परत करताना त्यातलं एक चित्र फाडून ठेवलं, तेही वाघाला सांगतात. माझे वडील जन्मले तेव्हा आजोबा कारखान्यावर गाडी घेऊन अडकले होते, निरोप उशिरा आला, आणि ते भर रांगेत रडले. हे आजीलाही माहीत नाही. रस्ता आला की ते गप्प होतात आणि मी एसटीत चढतो. इतकी वर्षं मी हे ऐकतोय आणि मला वाटायचं, कधी एकदा रस्ता येतोय.

मंडपात आधी हशा होता, मग तो विरत गेला. खुशबू खांबाशी उभी होती. तिचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. तिच्या एका प्रश्नावर एवढं सगळं बाहेर आलं होतं, पण त्या क्षणी तिला त्याची आठवणही नव्हती. तिला फक्त म्हाताऱ्याचा चेहरा दिसत होता. ते ऐकत होते, आणि तोंड कसं करून बसायचं ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

हिंगे सरांनी दोन शब्द बोला म्हणून त्यांच्यापुढे माईक धरला. चार माणसांत कधी न बोललेले गेणभाऊ उठून उभे राहिले आणि नातवाकडे बघत म्हणाले,

"वाघाला काय करायचंय माज्या बैलांचं. मी ह्यालाच सांगत व्हतो. समोर बसवून सांगाया लाज वाटायची. आन अंधारात पोरगं ऐकतंय का न्हाई, ते बी कळत नव्हतं."

टाळ्या वाजवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. अमृत माईक तसाच ठेवून खाली आला आणि आजोबांच्या पायाशी सतरंजीवर बसला.