मीनलच्या दोरीवर

परवा सकाळी आईला घेऊन गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर शेजारच्या मीनलच्या दोरीवर फुलाफुलांच्या कापडी पट्ट्या वाऱ्यावर डुलत होत्या. मीनल तिथेच होती. आईने विचारलं, "बाळाची लाळेरी का गं?"

मीनल हसली. "नाही काकू, माझी पाळीची पॅड आहेत. पहिले दोन दिवस ही जाड वापरते, मग पातळ. प्लास्टिकच्या पॅडने मला पुरळ यायचं. आता काही त्रास नाही."

मला वाटलं, आता आई काय म्हणणार! पण तिने एक पॅड बोटांत धरून पाहिलं.

"किती मऊ आहे! आम्ही जुन्या लुगड्याच्या घड्या परकराखाली लपवून वाळवायचो. त्या ओलसरच राहायच्या. मांड्या सोलवटायच्या, पण सांगणार कुणाला?"

इतकी वर्षं मी तिची लेक, आणि हे मला शेजारणीच्या दोरीपाशी कळलं. लाज किती ऊन अडवून धरते!

तोवर आईने पुढच्या दोरीवरची स्वतःची साडी बाजूला सरकवली होती. "आता बघ पोरी," ती मीनलला म्हणाली, "छान ऊन लागेल त्यांना."