टिटवीच्या रिंगणातली चार पिल्लं

माझं शिक्षण तिसरीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या. पण एक आधीच सांगतो — भूतखेत, बाहेरचं, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की पहिला हसणारा मी. आजही मानत नाही. तरी लिहितोय, कारण घरात सांगून झालं, कुणी खरं धरत नाही...

आमचं शेत नांदगावच्या पुढं, माळाला लागून. जमीन खडकाळ, पण पाखरू लय. धाविक, चंडोल, तितर, हिवाळ्यात भोरड्यांचे थवे. हरणं तर सकाळी पार विहिरीपर्यंत येतात. माझ्या पोरानं, संतोषनं, वावराच्या कडेला दोन खोल्या बांधल्या आणि नाशिकची माणसं दुर्बिणी घेऊन यायला लागली. आधी मी चिडलो, पाखरं बघायला कुणी एवढ्या लांब येतं का म्हणून. मग मीच त्यांना हिंडवायला लागलो, कारण झुडपाखाली दबून बसलेलं तितर मला दुर्बिणीशिवाय दिसतं. नजर अजून तशीच आहे. हे ध्यानात ठेवा.

आमच्याकडं एक रीत आहे. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या ढेकळांत अंडी घालते. अंडी मातीच्याच रंगाची, पाय पडला तरी कळायचं नाही. म्हणून अंडी दिसली की घरातल्या बाईनं भोवती चुना लावलेल्या दगडांचं रिंगण करायचं. मग नांगर असो की ट्रॅक्टर, वळसा घालून जायचं. माझी आई करायची, आता आमची मंडळी करते. रिंगणात चाक घालणारा माणूस आमच्या भागात सापडायचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात टिटवीनं नेमकी बांधाजवळ चार अंडी घातली. बांधापलीकडं कचरूचं शेत. आमचं बघून त्यानंही पाहुणे आणायला सुरुवात केलेली. रोज सकाळी त्याचे पाहुणे बांधावर उभे, कॅमेरे आमच्या रिंगणाकडं, आणि कचरू ऐटीत सांगतोय की ही आपली टिटवी.

मी म्हटलं, "कचऱ्या, तुझ्या वावरात पाखरं नाय का?"

"पाखरू काय तुझ्या सातबाऱ्यावर लावलंय का, नाना?"

त्याचे पाहुणे हसले. मला ते लागलं... दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी गेलो, एकेक दगड उचलला आणि वावराच्या मध्यावर, नुसत्या मातीभोवती तसंच रिंगण मांडलं. म्हटलं, बघू दे आता त्याच्या पाहुण्यांना ढेकळं. घरात कुणाला बोललो नाही. गंमत होती ना माझी. आणि तसाच मालेगावला भाचीच्या हळदीला निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी परत आलो तर संतोषनं सगळ्या वावरात ट्रॅक्टरनं रोटर मारून ढेकळं फोडलेली. मधल्या रिंगणाला मात्र ताटासारखा गोल वळसा. मला हौसेनं दाखवत होता — "बघा नाना, एक दगड हलू दिला नाय."

मी बांधाकडं गेलो. चारही फुटली होती. आत पिल्लं धरली होती, पिसं आलेली. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. मी ते सगळं ओंजळीत गोळा करून बोरीखाली पुरलं, हात धुतले आणि घरी येऊन जेवायला बसलो. पोराला काय सांगणार?

थोड्या दिवसांनी टिटवी मधल्या रिंगणात येऊन बसली. रिकाम्या मातीवर! ती उठल्यावर मी जाऊन बघितलं — काही नाही. सकाळचा गारवा होता, तरी तिथली माती हाताला गरम लागली. मंडळीला विचारलं तर म्हणाली, चारही अंडी शाबूत हायत, तुम्ही नका सारखं तिथं जाऊ. मला वाटलं, लांबून बघून बोलतेय.

मग एका सकाळी तिनंच हाक मारली, की पिल्लं निघाली. रिंगणापासून थोडं लांब सगळे जमले होते. आमचे पाहुणे, कचरू, त्याचे पाहुणे. टिटवी पंख फेंदारून उभी, पिल्लं पोटाखाली घेते तशी. एकदा पंख मोडल्याचं सोंग करत माझ्यासमोरून फरपटत गेली, मला लांब न्यायला. पण कशापासून लांब? खाली माती होती. नुसती माती.

"चारही निघाली की, नाना," कचरू म्हणाला. भांडण विसरून हसत होता.

संतोषनं मोबाईलवर फोटो दाखवला. फोटोतही मला एकटी टिटवीच दिसली.

तिथंच माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "संतोष, अंडी इथं नव्हतीच. दगड मी हलवले होते. तुझ्या रोटरखाली चारही गेली. मी पुरली."

तो ताप आलेल्या माणसाकडं बघावं तसा बघत राहिला. "मग ही कुणाची, नाना?"

मंडळी म्हणाली, "ऊन लागलंय त्यांना. रिंगण मी केलं, कुठं केलं ते मला ठाऊक नाय व्हय?" आणि मला सावलीत बसवून कांदा फोडून हुंगायला दिला.

मी उठून बोरीखाली उकरलं. टरफलं निघाली, ठिपक्यांची. संतोष म्हणतो, जुनी असतील. पुढं नाशिकला डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, या वयात अशी नजर बघितली नाही.

पिल्लं मोठी होऊन उडाली म्हणतात. गावच्या तळ्यावरून टिटव्या गेल्या की संतोष बोट करतो — ती बघा, आपलीच पाच. मला एक दिसते.

मी केलं ते केलं. त्याबद्दल कुणी एक शिवी जरी दिली असती तर बरं वाटलं असतं. पण चूकच झाली नाही म्हणतात, तर शिवी कोण देणार? कसं झालं, काय झालं, मला आजपर्यंत उमगलेलं नाही.

यंदा टिटवी परत बसली आहे. घरचे म्हणतात चार अंडी आहेत. मी पाहुण्यांना घेऊन जातो तेव्हा पुढं काठीनं माती चाचपतो आणि मगच पाय टाकतो. पाहुण्यांना वाटतं, पाखरू बिचकू नये म्हणून म्हातारा हळू चालतो. वाटू दे. मला दिसत नाहीत, म्हणून माझा पाय पडणार नाही असं थोडंच आहे...