पायाला बांधलेली पासरी

फसली तेराशे चोपन्न, म्हणजे आत्ताच्या हिशेबानं १९४५ साल. मला तेविसावं लागलं होतं आणि मी हैदराबादेत निजामाच्या एका पलटणीत नोकरीला होतो. पलटणीत म्हणायचं, पण बंदूक कधी हातात धरली नाही. मला ठेवलं होतं फुटबॉल खेळायला. आमच्या मुरुम गावात हे कुणाला खरंच वाटायचं नाही. आमच्या दुकानासमोरचा कापडवाला माझ्या वडिलांना, अप्पांना, विचारायचा, "पोरगा पलटणीत हाय म्हन्ता, मग लढतो कशानं?" अप्पा ज्वारी मापत राहायचे. मग तोच म्हणायचा, "सरकार लाथा मारायचा पगार देतंय. आमचं गाढव बिचारं फुकट मारतंय." सगळी पेठ हसायची.

अप्पांना हसू येत नव्हतं. आमचं घर लिंगायताचं, दुकान ज्वारी-तुरीचं. चामड्याची वस्तू उंबऱ्याच्या आत यायची नाही. एकदा सुट्टीवर येताना मी पलटणीतला जुना चेंडू घेऊन आलो, तर अप्पांनी तो गोठ्यात खुंटीला टांगायला लावला. जनावराचं कातडं जनावरांतच बरं, म्हणाले.

मी डावखुऱ्या पायाचा. लेफ्ट आऊटला, म्हणजे पुढं डाव्या कडेला खेळायचो, अनवाणी, घोट्याला पट्टी गुंडाळून. आताची पोरं बूट घालून उतरतात आणि कुणाची टाच लागली की लोळायला लागतात. ते असो. आमचा जमादार जुना खेळाडू होता, संघ त्याच्या हाताखाली. तो म्हणायचा, ह्या पोराचा डावा पाय म्हणजे गोफण आहे. मी बढाई म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतो.

त्या उन्हाळ्यात डाव्या गुडघ्याच्या खाली, आतल्या अंगाला फोड आला. आग अशी की बादलीत पाय घालून बसावं. फोड फुटला आणि पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं. नारू. आता हा रोग कुणाला ठाऊक नाही. त्या वेळी आमच्याकडं पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या घराघरात एक तरी माणूस नारूनं आडवा असायचा. हात दीड हात लांब किडा अंगात वाढतो आणि वर्षाच्या आसपास कातडी फोडून बाहेर यायला लागतो. आदल्या उन्हाळ्यात मी बहिणीच्या लग्नाला गावी आलो होतो. त्या पाण्यातनंच तो आला, हे मला फार पुढं कळलं.

पलटणीच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, चिरून काढतो. मी त्याला हात लावू दिला नाही. ज्या पायावर माझी भाकरी, त्याला सुरी लावायची म्हणजे काय? आमच्या गावात नारू काढायची रीत होती, ती मला ठाऊक होती. जमादारानं रजा लावून दिली. पावसाळा सरला की मोठे सामने, तोवर तुझी जागा भरत नाही, असा शब्द दिला. मी त्या शब्दावर घरी आलो.

रीत अशी. बाहेर आलेलं टोक बारीक काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडा थोडा पीळ द्यायचा. आपसूक येईल तेवढाच घ्यायचा, ओढायचा नाही. तुटला की आत राहिलेला कुजतो आणि पाय जातो. हे काम गावचा म्हातारा न्हावी करायचा. लई बडबड्या. पण नारूचं नाव तोंडातनं काढायचा नाही, पाहुणा म्हणायचा. पाहुण्याला घाई केली की रुसून बसतो, जाताना घराचा खांब घेऊन जातो, असं त्याचं बोलणं.

पहिल्यांदा अप्पा म्हणाले होते, पायानं लाथाडलं ते पायानंच फेडतोय. मला ते लागलं आणि मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. माझाही स्वभाव तसाच. पण पुढं पुढं माझ्या ध्यानात आलं, न्हावी पीळ देऊन निघाला की अप्पा त्याला ओट्यावर थांबवतात आणि पाहुणा किती राहिला ते विचारतात. मला नाही विचारायचे. सामने कधी आहेत, हेही त्यांनी माझ्या आईकडनं, अव्वाकडनं काढून घेतलं. आणि अव्वानंच मला सांगितलं की लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायची ज्वारी न्यायला आलेल्या सरकारी माणसापुढं अप्पा आपण होऊन म्हणाले, माझा पोरगा हैदराबादेत खेळतो.

पाऊस उताराला लागला. लॉरीवाल्याबरोबर जमादाराचा निरोप आला की दसऱ्याच्या आत हजर हो. नारू अजून आत होता, आणि न्हावी नेमका लेकीच्या गावाला गेलेला. ती बाळंतपणात अडली होती, तो कधी परतणार ते कुणाला सांगता येईना.

अशातच एका दुपारी मी माजघरात घोंगडीवर पडलो होतो. डोळा लागत होता. पायाला बोटं लागली. मला वाटलं न्हावी आला. डोळे किलकिले केले तर अप्पा. हात धुऊन आलेले, कपाळाला नुकतीच विभूती लावलेली. त्यांनी काडीला एक पीळ दिला. दोरा सरकला. ते थांबले, परत एक दिला. तोही सरकला. मी बोललो असतो तर ते थांबले असते. पण मलाही दसरा गाठायचा होता. तिसऱ्या पिळाला आत चटकन काहीतरी सुटलं आणि काडी त्यांच्या हातात मोकळी लोंबायला लागली.

ते काडीकडं बघत बसले. मी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं ते उठून दुकानात गेले.

दिवेलागणीला माझ्यादेखत ते अव्वाला म्हणाले, "झोपंत पाय झाडला पोरानं. पाव्हना तुटला."

अव्वानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "व्हय, झाडला असंल."

पुढचं काय सांगू. पाय मांडीपर्यंत सुजला. ताप, पू, खोलीभर वास. न्हावी परत आला आणि पाय बघून पू पुसायला बसला. दसरा गेला, दिवाळी गेली. कढत पाण्यात एरंडाची पानं टाकून अव्वा शेकायची आणि तोंड फिरवून रडायची. संक्रांतीला जखम भरली, पण गुडघा वाकला तो वाकलाच. उभा राहिलो तर टाच भुईला टेकेना. बगळ्यासारखा भिंतीला धरून उभा राहायचो.

वजन बांधून पाय ओढून बघा, असं न्हावी म्हणाला. अप्पांनी दुकानातल्या तराजूवरची पासरी, म्हणजे पाच शेराचं लोखंडी वजन, उचलून आणली. मला बाजेवर पालथं निजवायचं, गुडघ्याखालचा पाय बाजेबाहेर काढायचा आणि घोट्याला चिंधी गुंडाळून पासरी लोंबत सोडायची. रोज सकाळी, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला. दुखणं असं की मी बाजेची सुंभं दातात धरायचो. अप्पा शेजारी बसून असायचे, आणि गिऱ्हाइकाला आतनंच सांगायचे की पासरी गुंतलीय, अडीशेरीनं दोनदा मापून घ्या.

एकदा कापडवाला डोकावला. "अप्पा, पोरगा तराजूला लावला जनू. काय भावानं काढला?"

अप्पांनी कधी नव्हे ते उत्तर दिलं. "तुला परवडायचा न्हाय."

उन्हाळ्यात टाच भुईला टेकली. त्या दिवशी अप्पा गोठ्यात गेले आणि खुंटीवरचा चेंडू हातात धरून घेऊन आले. माझ्या हातात दिला, मग विहिरीवर जाऊन अंघोळ करून आले. मी रानात पळायला लागलो. आधी चालणं, मग लंगडत, मग धड. डाव्या पायानं चेंडू मारला की तो जायचा. पूर्वीसारखा सणसणत नव्हता, पण जायचा. मला वाटलं, उरलेलं मैदानावर येईल.

पाऊस सरल्यावर आम्ही दोघं हैदराबादला गेलो. अप्पा जन्मात पहिल्यांदा निघाले होते. सडकेवर बस धरली. त्यांच्या पिशवीत भाकरी, एक धोतर आणि पासरी. एका दिवसाचाही खाडा नको, म्हणाले.

जमादारानं मला मिठी मारली, जेवू घातलं, मग मैदानावर सोडलं. मी पळालो, डाव्या बाजूनं चेंडू आत टाकले. माझ्या जागेवर एक नवा पोरगा घेतला होता. बरा होता, त्याहून जास्त मी म्हणणार नाही. नंतर जमादारानं मला गवतावर उताणं निजवलं आणि उजव्या गुडघ्याखाली हात घालून बघितला. हात जाईना. डाव्याखाली घातला तर तळवा सरळ आत गेला. तो त्याच्या दखनीत हळू म्हणाला, "बेटा, पाँव पूरा नै खुलता."

चेंडूत हवा भरायला, मैदानावर चुना मारायला राहा, पगार तोच, असंही त्यानं सांगितलं. मी म्हणालो, मी खेळायला आलो होतो.

अप्पा दोन पावलं पुढं आले. कुणापुढं हात न जोडणारा माणूस हात जोडून उभा राहिला. "साहेब, आजून थोडे महिने द्या. म्या रोज वजन बांधतो. त्याची ह्यात चूक न्हाय, ती..." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"चला अप्पा," मी म्हणालो. पुढचं त्यांना बोलू दिलं नाही.

परतीची बस धरली. दिवस मावळताना घरी आलो. ताटावर बसल्यावर अप्पा ताटाकडं बघतच म्हणाले, "उद्यापासून परत बांधू. खुलंल." अव्वानं वाढलं, मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अप्पांच्या आधी उठलो. दुकानाच्या फळ्या काढल्या, झाडलं. पिशवीतली पासरी काढली. तिच्या कडीला माझ्या घोट्याची चिंधी तशीच होती, ती सोडली आणि पासरी तराजूच्या पारड्यात ठेवली. ज्वारी न्यायला शेजारची बाई आली. अप्पा आतल्या दारात येऊन उभे होते. तिनं विचारलं, "पासरी मोकळी हाय का आज?"

"मोकळी हाय," म्हणालो, आणि दुसऱ्या पारड्यात ज्वारी ओतायला लागलो.