मातीच्या ढिगातलं बाळंतपण

नळवाल्या काकांनी जन्मभर एकच काम केलं: पाणी जिथे नको तिथून हाकललं. मोरी तुंबली, टाकी गळली, की अख्खी गल्ली त्यांच्या दारात. आणि काम सोडल्यावर याच माणसाने घराशेजारच्या बंद वीटभट्टीमागच्या ओसाड खड्ड्यात पाणी साठवायचा घाट घातला!

"लोकांची गळती थांबवता थांबवता तुमच्याच डोक्याला गळती लागली वाटतं," काकू म्हणाल्या.

काका हसले आणि कामाला लागले. राडारोडा उपसला, ओढ्याची बुजलेली वाट मोकळी केली, काठाने पाणकणीस लावलं. हळूहळू बेडूक आले, चतुर आले. काकूंना खुपत होता तो फक्त उपसलेल्या मातीचा ढिगारा, नेमका स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर.

"तो डोंगर हलवा, नाहीतर मी माहेरी निघाले!"

शेवटी काकांनी मुकाट्याने ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं.

ट्रॅक्टरचं पातं ढिगाऱ्याला टेकणार, तोच मातीतल्या भोकातून काहीतरी निळंशार सुसाट बाहेर पडलं. लाल चोच, पांढरी छाती. खंड्या! काकू साबणाच्या हातांनीच धावत आल्या आणि ढिगाऱ्यापुढे हात पसरून उभ्या राहिल्या.

"खबरदार पुढे याल तर! आत बाळंतपण चाललंय!"

"कोणाचं?" ट्रॅक्टरवाल्याने घाबरून खाली उडीच मारली.

"माझ्या लेकीचं समजा!"

इतक्यात खंड्या चोचीत बेडूक घेऊन परतला, तिघांकडे रागाने बघून भोकात शिरला आणि आत पिल्लांचा एकच कालवा उठला.

"अहो, ऐकलंत? ऐकलंत का?" काकूंनी काकांचा हात धरून त्यांना गरकन फिरवलं. दोघांचे पाय घसरले, दोघंही चिखलात फतकल मारून बसले आणि हसता हसता काकांना उचकी लागली. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद केलं आणि बायकोला फोन लावला, "सगळं टाक आणि इकडे ये!"

दुपारपर्यंत गल्ली लोटली. "हळू बोला, हळू!" काकू सगळ्यांना दटावत होत्या, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

पिल्लं उडाली त्या दिवशी काका डोळे पुसत नुसते बसून राहिले. काकूंनी त्यांना कोपराने ढोसलं.

"उठा की! ओढ्याच्या वळणावर अजून एक खड्डा कोरडा पडलाय म्हणे!"