मुखवट्यामागचा नफा आणि सी विंगची खोली

खरं सांगा, रस्त्यात कोणी हातात कोंबलेलं पत्रक तुम्ही कधी शेवटपर्यंत वाचलं आहे? अगदी तळाशी संघटनांची नावं असतात, तिथपर्यंत?

मी वाचलं आहे. एक नाही, शेकड्यांनी. यात माझा मोठेपणा काही नाही, आमच्या घरात वाचायला दुसरं काही नव्हतं. बाबा भाईंदर पूर्वेच्या एका स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश करायचे आणि संध्याकाळी युनियनचं काम करायचे. गोडदेवच्या आमच्या वन रूम किचनमध्ये पलंगाखाली तांदळाचा डबा आणि त्याला चिकटून पत्रकांचे गठ्ठे असत. मी अक्षरं जुळवून वाचलेला पहिला शब्द ‘धिक्कार’ होता. शाळेत ‘माझी आई’ या निबंधाचा शेवट मी ‘तरी सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे’ असा केला, तेव्हा बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

माझी धाकटी बहीण त्याच घरात, त्याच गठ्ठ्यांवर पाय ठेवून वाढली आणि सुपरहिरोंच्या सिनेमांची भक्त झाली. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. कपाटाच्या आतल्या बाजूला बाबांनी चिकटवलेल्या कामगार मेळाव्याच्या पोस्टरवर तिने एक उडणारा माणूस चिकटवला. बाबा म्हणाले, “ह्याला निदान खाली तरी उतरव.” तिने त्याला दोन इंच खाली सरकवलं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझं रक्त सारखं उकळत असे. घरातल्या या वैचारिक घसरणीवर मी अर्थातच पत्रक काढलं. नाव ठेवलं ‘मुखवट्यामागचा नफा’. जगाला वाचवायला एक उडणारा श्रीमंत माणूस पुरे, जनतेने खाली उभं राहून फक्त वर बघायचं, अशी माझी मांडणी होती. ती मला अजूनही बरोबर वाटते. अडचण एवढीच होती, की मी त्यातला एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. विरोध करायला पाहावा कशाला?

मीरा रोडच्या मल्टिप्लेक्सबाहेर मी पत्रकं वाटत उभी राहिले. एका मुलीने विचारलं, “दीदी, इसमें स्पॉयलर तो नहीं है ना?” मी म्हटलं, “इसमें सच है.” ती म्हणाली, “ओके, मूवी के बाद पढ़ूँगी.”

थोड्या वेळाने तीच मुलगी मैत्रिणीला घेऊन परत आली. दोघी पत्रकावर बोट ठेवून हसत होत्या. या सिनेमांच्या दोन मोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्या चाहत्यांचं एकमेकांशी हाडवैर आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी एका कंपनीचा नायक दुसऱ्या कंपनीच्या टोळीत नेऊन बसवला होता, तोही पहिल्याच परिच्छेदात. बघता बघता माझ्याभोवती घोळका जमला. एका कंपनीचे टीशर्ट घातलेले आणि दुसऱ्या कंपनीचे टीशर्ट घातलेले खांद्याला खांदा लावून मला समजावत होते. जनतेची एकजूट मी त्या दिवशी प्रथमच घडवून आणली.

घरी आल्यावर बहिणीने पत्रक वाचलं आणि एकच वाक्य बोलली, “ताई, मलेरियाला धनुर्वात म्हणण्यासारखं आहे हे.” ती नर्सिंगला होती.

हे सगळं आठवण्याचं कारण आमच्या संकुलातली एक खोली.

आमच्या संकुलात चार विंग आहेत आणि सी विंगच्या तळमजल्यावर, पाण्याच्या पंपाशेजारी, एक खोली आहे. पूर्वी तिथे सोसायटीचं ऑफिस होतं. मग तिथे लांब बाकं आली, ट्यूबलाइट लागल्या आणि ती अभ्यासिका झाली. बहिणीचं शेवटचं वर्ष होतं. घरी अभ्यास करणं अशक्य. आईचा कुकर, बाबांच्या मोबाइलवरची भाषणं आणि माझं मोठ्याने लिहिणं (मी लिहिताना बोलते) यांच्यात माणसाच्या शरीरातल्या शिरा पाठ होत नाहीत. त्यामुळे ती रोज त्या खोलीत जाऊन बसायची. आणि एके दिवशी नोटीस बोर्डावर लागलं, की खोली कुरिअरवाल्याला गोदाम म्हणून भाड्याने द्यायचा विचार आहे, पुढच्या महिन्यात चारही विंगची सभा आहे, बहुमताने ठरेल.

बहिणीने नोटीस वाचली आणि पुस्तकं छातीशी धरली. “परीक्षा होईपर्यंत थांबले असते तर,” एवढंच म्हणाली.

तिची परीक्षा म्हणजे आमच्या घरातली पहिली पक्की नोकरी. पण खरं सांगायचं तर मला आनंद झाला. अखेर एक लढा, तोही जिन्याखाली!

मी त्या दुपारीच ‘अभ्यासिका बचाव संयुक्त कृती समिती’ स्थापन केली. पत्रकाच्या तळाशी चारही विंगचे निमंत्रक हवे होते, म्हणून ते मीच नेमले. ए विंगमधून खाखरे विकणाऱ्या गुजराती मासी. बी विंगमधून उत्तनहून इथे राहायला आलेले अंकल, ज्यांच्या घरी रोज मासळीचा वास येतो म्हणून ए विंगवाले नाक मुरडतात. सी आणि डी विंगमधून मी आणि बाबा, कारण आम्ही डीमध्ये राहत असलो तरी एकजुटीला विंग नसते. शिवाय पाठिंबा म्हणून महिला आघाडी, युवक मंच, वाचक चळवळ आणि नागरिक समिती. या चारही संघटनांत मिळून बाबा, त्यांचे तेच ते मित्र आणि मी होतो. कधी हे अध्यक्ष तर ते सचिव, कधी उलट. आमच्या सगळ्या पत्रकांत हीच पात्रं येत असत.

पत्रक वाटून तास झाला नसेल, तोच अंकल ते हातात घेऊन दारात.

“माझं नाव यात कशाला हाय?”

“अंकल, तुम्ही बी विंगचे निमंत्रक आहात.”

“आनी मला कोनी इचारलं?”

“लढ्याची निकड होती.”

“निकड तुला व्हती, पोरी. मला न्हाय.” मग त्यांनी पत्रक उलटं करून पाहिलं. “आनी हे अवकाश म्हंजे काय? ‘सांस्कृतिक अवकाशावर घाला’?”

मी सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग खोली का न्हाय लिवलंस?”

आमच्या कृती समितीच्या पहिल्या सभेला मी, बाबा, बहीण, पुन्हा तक्रार करायला आलेले अंकल आणि पंपाची मीटिंग आहे असं समजून आलेले एक गृहस्थ, एवढे जण होते. पंपाचं काही बोलणार नाही हे कळल्यावर ते गृहस्थ उठले. मी तरीही भाषण पूर्ण केलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या, सवयीने.

जिना चढताना बहीण म्हणाली, “ताई, तू अगदी दुसऱ्या कंपनीसारखं केलंस.”

“कुठल्या कंपनीसारखं?”

“तू जिचा हिरो चुकीच्या घरी पाठवलास, तिच्यासारखं.”

रविवारी दुपारी तिने आम्हाला टीव्हीसमोर बसवलं. मी निषेध म्हणून वही घेऊन बसले. तिने समजावलं ते असं. पहिल्या कंपनीने आधी एकेकाचा वेगळा सिनेमा काढला. त्याचं घर, त्याची भानगड, त्याला कशाची लाज वाटते, कोणावर राग आहे. सिनेमा संपून पडद्यावरची नावं सरकून गेल्यावर एक छोटासा प्रसंग, त्यात दुसऱ्या कोणाची तरी झलक. लोक खुर्चीतून उठेनात. काही वर्षांनी सगळे एका पडद्यावर आले तेव्हा बघणाऱ्याला प्रत्येक जण ओळखीचा होता, आणि ते आपसात भांडले तरी कोण का भांडतोय ते कळत होतं. दुसऱ्या कंपनीने हे यश पाहिलं आणि घाई केली. दुसऱ्या-तिसऱ्या सिनेमातच सगळ्यांना एकदम उभं केलं. लोक शेजारच्याला विचारायला लागले, हा कोण, हा कशाला आला? मग माणसं बदलली, सूर बदलला आणि शेवटी जाहीर केलं, की आता सगळं नव्याने.

“म्हणजे पुनर्रचना,” बाबा म्हणाले. आमच्या युवक मंचाची दर दोन वर्षांनी होते.

“पण त्यांचे काही एकेकट्याचे सिनेमे फार छान आहेत हां,” बहीण म्हणाली. “आणि पहिलीचंही आता बिघडलंय. इतके सिनेमे, इतक्या मालिका, की नवा बघायला जायचं तर आधी अभ्यास करून जावं लागतं.”

मी वहीत पाहिलं. माझ्या पत्रकाचं पहिलं वाक्य होतं, ‘मागील पत्रकात नमूद केल्याप्रमाणे’. मागील पत्रक कोणी वाचलं होतं?

पडद्यावर तोवर सगळे नायक एका गोल टेबलाभोवती बसून एकमेकांवर ओरडत होते. बाबा पुढे सरकून बसले. “ही आमची कार्यकारिणी,” ते म्हणाले. “यांचा सेक्रेटरी कोण आहे? मिनिट्स कोण लिहितंय?” ते संपूर्ण सिनेमाभर डोळे न मिटता बसले. मला ही फितुरी अजून विसरता आलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून बहिणीने सूत्रं हातात घेतली. अभ्यासातून तास-दीड तास काढून ती रोज एकेका विंगमध्ये जायची. मला बरोबर न्यायची, पण अटीवर. पत्रक नाही, पत्रकांची पिशवी नाही, आणि “ताई, तू फक्त चहा प्यायचा.”

मी प्याले. इतका प्याले की ॲसिडिटी झाली. आणि तोंड बंद ठेवल्यावर ऐकू यायला लागलं. मासींच्या सुनेने बँकेची परीक्षा त्याच खोलीत बसून दिली होती. मी इतकी वर्षं त्यांच्याकडून खाखरे घेते, मला ठाऊक नव्हतं. अंकल सकाळी बायकोच्या टीव्हीपासून लांब, तिथे पेपर वाचायला जात. सी विंगच्या तळमजल्यावरच्या काकूंना मात्र गोदामच हवं होतं, कारण अभ्यासाची मुलं त्यांच्या खिडकीखाली हसत उभी राहतात आणि त्यांच्या म्हाताऱ्या सासऱ्यांची झोपमोड होते. माझ्या पत्रकाच्या हिशेबाने काकू भांडवलदारांच्या गोटातल्या होत्या. बहिणीने त्यांना विचारलं, “मुलांनी पंपाच्या बाजूला उभं राहायचं ठरवलं तर?” काकू म्हणाल्या, “मग मला काय करायचंय गोदाम?”

निघताना प्रत्येक दारात ती एक वाक्य सोडायची. मासींच्या दारात, “बी विंगचे अंकल तिथला पंखा दुरुस्त करून देणार आहेत.” अंकलच्या दारात, “मासींची सून मुलांना गणित शिकवेन म्हणते.” आणि दोन्ही गोष्टी तिने आधी त्या-त्या माणसाला विचारून घेतल्या होत्या. मासींनी दार लावता लावता परत उघडलं. “ए माछलीवाळा अंकल? एमने पंखो रिपेर करता आवडे छे?”

“येतो ना. बोटीची मशीन दुरुस्त करायचे ते.”

“तो पछी अमारा मिक्सर पण बताव एमने.”

चारही विंगच्या सभेच्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. मासी आणि अंकल शेजारी बसले होते आणि मिक्सरवरून वाद घालत होते. विषय निघाल्यावर मी उभी राहिले. माझा घसा तयार होता. ‘मित्रहो’ म्हणेपर्यंत मासींनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं. “तू बेस, दीकरी. आज हमको बोलने दे.”

त्या बोलल्या, सुनेबद्दल. अंकल बोलले, पंख्याबद्दल. काकू बोलल्या, खिडकीबद्दल. कोणीही अवकाश हा शब्द उच्चारला नाही. बहीण मागच्या रांगेत ओठ चावत बसली होती आणि हात मोजताना तिने डोळे मिटून घेतले. मी पाहत होते म्हणून सांगते, गोदामाच्या बाजूने वर आलेले हातही कमी नव्हते. मेंटेनन्स सगळ्यांनाच जड जातो. पण खोली राहिली. वर्षभरासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा विचार होईल. अटी दोन. विंगांनी पाळीपाळीने झाडून काढायचं, आणि खोलीत कुठलंही पत्रक लावायचं नाही. दुसरी अट मांडणारे माझे बाबा होते.

बहीण आता खाली अभ्यासिकेत बसली आहे. परीक्षा जवळ आली आहे. पंखा फिरतो, थोडा आवाज करतो. आज झाडायची पाळी आमची होती, मी झाडलं. सुपरहिरोंबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. जग एकट्यादुकट्याने वाचत नाही, हे मी आजही लिहून द्यायला तयार आहे. फक्त आता कोणी ते मागत नाही.

पण पुढच्या वर्षी ती सभा पुन्हा आहे, आणि तुमच्या इमारतीतही अशी एखादी खोली, एखादा नळ, एखादा कोपरा असेल. म्हणून एक मागणं आहे. हे वाचून झालं की उठा आणि समोरच्या दाराची बेल वाजवा. हातात कागद नेऊ नका. चहा विचारला तर हो म्हणा, आणि कप रिकामा होईपर्यंत त्यांनाच बोलू द्या.