आजीच्या जागी लेझीम

नववीत आम्ही वर्गानं मिळून गावाच्या इतिहासाची फिल्म केली. कोरेगावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका माणसानं मुहूर्त नसलेल्या दिवसांत कॅमेरा दिला. कापाकापीची सोय नव्हती. एखादं दृश्य नको असेल तर कॅसेटवर त्याच जागी दुसरं भरायचं.

सुरुवातीला सरपंचांचं भाषण घेतलं. मग देऊळ, वेस, तालीम. नंतर मी कॅमेरा आमच्या बौद्धवाड्यात नेला. आजी ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून दारात बसली.

"आमी बौद्ध झालो तवा गावाला सांगितलं, आता मेलेलं ढोर वढणार न्हाई," ती म्हणाली. "मग गिरणीत आमचं दळण घेईनात. जात्यावर दळलं. हाताला फोड आलं. पर ढोर वढलं न्हाई."

ती गिरणी सरपंचांच्या वडिलांची. हेडमास्तरांनी वर्गातल्या टीव्हीवर हे पाहिलं आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"आजींचं काढा. तिथं मुलींचं लेझीम भरा," ते म्हणाले. "इतिहास कसा, अभिमान वाटावा असा हवा."

माझं डोकंच फिरलं. मला अभिमानच तर वाटत होता. आजीच्या हातावरचे फोड यांच्या इतिहासात बसत नव्हते, आणि लेझीम बसत होतं.

कॅमेरावाल्यानं एकदा सांगितलं होतं की लग्नाची कॅसेट घरच्यांच्या हातात देण्याआधी तो तिच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडतो. ती मोडली की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. नाहीतर लोक लग्नावर क्रिकेटची मॅच घेतात. मी कंपासमधलं कर्कटक काढलं आणि हेडमास्तरांच्या देखत ती पट्टी मोडली.

"आता लेझीम भरणार नाही, सर."

"मग फिल्मच दाखवायची नाही."

"नका दाखवू. पण सरपंचांचं भाषणही त्यातच आहे. त्यांनी गावभर सांगितलंय."

त्यांनी कार्यक्रमाच्या यादीत फिल्म राहू दिली.

स्नेहसंमेलनात कोणी मध्येच बंद करू नये म्हणून मी व्हीसीआरला खेटून बसले, शेजारी आजी. सरपंच आपलं भाषण बघून खूश झाले. मग आजीचं दृश्य आलं. "पर ढोर वढलं न्हाई," टीव्हीतली आजी म्हणाली.

"न्हाईच वढलं," माझ्या शेजारची आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.