चिलखत, चमचा आणि द्राहामावशी

द्राहामावशी माप घेते तेव्हा समोरच्याची अब्रू शिल्लक राहत नाही.

"श्वास सोड. सोड रे! पोट कुणासाठी आत ओढतोयस? लढाईत काय पोट आत ओढून धावणारेस?"

"मावशी, मी एवढाच आहे."

"एवढाच आहेस तर पट्टा का कमी पडतोय? ल्युबोर, तो दुसरा पट्टा दे, तंबू मोजायचा."

माप नेहमी जाड अंगरख्यावरूनच घ्यायचं. आमच्याकडे चिलखताच्या आत गोधडीसारखा टाके घालून शिवलेला अंगरखा घालतात. कुणी शहाणा सदऱ्यावर माप द्यायला आला की मावशी त्याला दारातूनच परत पाठवते. मग छाती, कंबर, खांदे. शेवटी हात. हाताचं माप घेताना तिचा आवाज बाहेरच्या रस्त्यापर्यंत जातो. "वाकव! अजून वाकव! कान खाजवतोयस असा. सरळ हाताचं माप घेऊन काय तुला झेंड्याचा खांब करू?"

द्राहोमीरा मात्सकोवा हे तिचं पूर्ण नाव. पण त्या नावाने तिला फक्त दवाखान्यात हाक मारतात. सगळी नोकरी तिने बसडेपोत डेंटिंग करण्यात काढली. ठोकर खाल्लेल्या बसचे पत्रे ती अशा सफाईने सरळ करायची की ड्रायव्हरला ठोकर कुठे लागली होती ते दाखवता यायचं नाही. मग एका उन्हाळ्यात जुन्या लढाया वठवणाऱ्या आमच्या मंडळातल्या कुणीतरी चेपलेलं शिरस्त्राण तिच्याकडे नेलं. तिने ते उलटसुलट केलं, आत डोकं घातलं आणि म्हणाली, "हे कुणी बनवलं? त्याला माणसाचं डोकं ठाऊक नाही का?" तेव्हापासून तिच्या हातातला बसचा पत्रा गेला आणि घरामागच्या शेडमध्ये चिलखताचा आला.

दरवर्षी जुलैत स्लावेचच्या किल्ल्याखाली आमची लढाई असते. पंधराव्या शतकातली. अर्धे किल्ल्याचे, अर्धे हल्लेखोर, बोथट तलवारी, खरं लोखंड आणि खराच घाम. किल्ल्याच्या बाजूची निम्मी माणसं मावशीच्या हातचं लोखंड घालतात. चेक देशातल्या आमच्या मोराव्हियात चिलखत बनवणारे पुष्कळ आहेत. पण मावशीचं चिलखत घातल्यावर माणूस चिलखत घातल्यासारखा चालत नाही, तर नेहमीसारखा चालतो. एवढाच फरक, आणि तोच कुणाला जमत नाही.

आणखी एक गोष्ट तिची. मैदानात उतरण्याआधी प्रत्येकाला परीक्षा द्यावी लागते, आणि ती परीक्षा मावशीने काढलेली आहे. पूर्ण चिलखतात पाठीवर झोपायचं आणि कुणाचा हात न धरता उठायचं. मग बाकावर बसून वाटीभर कोबीचं आंबट सूप चमच्याने प्यायचं. मान पुढे काढायची नाही, चमचा तोंडाशी आला पाहिजे. ज्याचा हात तोंडापर्यंत पोचत नाही त्याची तलवार डोक्यावरचा वारही अडवू शकत नाही, असं तिचं म्हणणं. मागे एकजण ब्रनोहून आरशासारखं लखलखीत चिलखत घालून आला होता. त्याचं सूप मांडीवर सांडलं. तो म्हणाला, "बाई, याची किंमत माहितीये का?" मावशी म्हणाली, "सुपाची? हो. अजून एक वाटी घे, पण कपडे बदलून."

तर अशी ही मावशी इतकी वर्षं लढाईच्या वेळी तंबूत बसायची. तुटलेले पट्टे, निसटलेले रिव्हेट, शिरस्त्राणाच्या तोंडावरच्या वाकलेल्या झडपा. सगळं तिच्याकडे यायचं आणि ती शिव्या घालत जागच्या जागी दुरुस्त करून परत पाठवायची. लढाई तिने कधी पाहिलीच नव्हती.

यंदा वसंतात, पबमध्ये, ती बिअरचा मग टेबलावर ठेवून म्हणाली, "जुलैत मी दारात उभी राहणार."

ल्युबोर आमचा सरदार. एरवी तो दूध डेअरीत चीज बनवतो. तो म्हणाला, "कुठल्या दारात?"

"किल्ल्याच्या. तलवार घेऊन."

ल्युबोरने हळूच विचारलं, "द्राहा, तुझे गुडघे…"

"ऑक्टोबरात बदलणारेत. दोन्ही. नवे बसले की डॉक्टर म्हणतो, पडायचं नाही. म्हणजे मला पडायचं असेल तर याच उन्हाळ्यात."

"पण तुला पडायचंय कशाला?"

"तुम्ही सगळे दरवर्षी पडता आणि हसत परत येता. मी फक्त खडखडाट ऐकते. मलाही बघू दे ना आत काय आहे ते."

ल्युबोरने उठून तिचा मग पुन्हा भरून आणला.

पुढचे महिने शेडचं दार बंद. एव्झेन एकदा जाऊन आला. एव्झेन शेजारच्या गावात बॉयलर दुरुस्त करतो आणि हल्लेखोरांची चिलखतं बनवतो, म्हणजे मावशीचा जन्माचा शत्रू. त्याने दाराबाहेरून विचारलं, "माप घ्यायला येऊ का?"

"तू?" आतून आवाज आला. "तुझ्या हातून बादल्या होतात. मला बादली नकोय."

शुक्रवारी दुपारी किल्ल्याखाली तंबू लागले. मावशी नवं चिलखत घालूनच व्हॅनमधून उतरली आणि तंबू ठोकणारे हातातलं काम टाकून बघायला लागले. काळसर, तेलात भाजून काढलेलं लोखंड. चकाकी कुठेच नाही, पण ऊन त्यावरून पाण्यासारखं ओघळत होतं. कडा आत वळवलेल्या, बोट फिरवलं तर कुठे अडकणार नाही अशा. छातीवर एकच बारीक उभी धार. मला तर वाटलं, हे घडवलेलं नाही, तिच्या अंगावरच उगवलंय.

एव्झेन तिच्याभोवती गोल फिरला. मग उलटा फिरला.

"बोल की," मावशी म्हणाली.

"थांब. शोधतोय."

"काय?"

"चूक."

"सापडली?"

"नाही ना. म्हणून तर वैताग आलाय."

मावशीने पहिल्यांदाच लाजल्यासारखं केलं.

मग परीक्षा. ती गवतावर आडवी झाली. आम्हाला सगळ्यांना एकच भीती, गुडघे. बायका तर दुसरीकडे बघायला लागल्या. मावशीने कूस बदलली, कोपरावर भार दिला, एक पाय खाली घेतला. चेहरा लाल झाला. "जीझस मरिया!" असं दातांतून म्हणत ती उठली. सरळ. कुणाचाही हात न धरता. आख्ख्या तळावर टाळ्या पडल्या. हल्लेखोरांनीही वाजवल्या.

"गप्प बसा, सूप आणा," ती म्हणाली. आता तर सगळे निवांत झाले होते. ल्युबोरची बायको वाटी घेऊन आली. मावशीने लोखंडी पंजे काढले, बाकावर बसली, चमचा भरला, हात वर केला.

खट्.

चमचा तोंडापासून वीतभर अलीकडे थांबला. कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचा पत्रा आणि कोपराखालच्या हाताचा पत्रा एकमेकांना भिडले होते. तिने पुन्हा जोर लावला. खट्. सूप बाकावर सांडलं.

कुणीतरी हसलं. त्याला वाटलं, मावशी गंमत करतेय. मग तोही थांबला.

ल्युबोर पुढे झाला. "झालं, झालं! पास! चला रे, बिअर उघडा."

"ल्युबोर," मावशी म्हणाली, "सूप कुठे आहे?"

"कुठे म्हणजे?"

"वाटीत आहे की पोटात?"

"वाटीत. पण द्राहा, सरदार मी आहे, मी सांगतोय…"

"मग मी नापास. आजवर मी ज्यांना घरी पाठवलं, त्यांना काय तोंड दाखवू? सरदाराशी ओळख होती म्हणून?"

तिने हातांचे पत्रे सोडले, काखेत घेतले आणि व्हॅनच्या मागे जाऊन बसली.

मी थोड्या वेळाने आलुबुखाराचा मुरंबा भरलेले कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, घेऊन तिथे गेले. पत्रा मांडीवर घेऊन ती नुसती बघत होती. "युस्ता, हे कसं झालं गं? माझ्या हातून असं होत नाही." आवाजात रडू नव्हतं, पण त्याहून वाईट काहीतरी होतं.

एव्झेन माझ्या मागून आला. त्याने तो पत्रा उचलला, उन्हात धरला, परत ठेवला.

"माप कुणी घेतलं?"

"कोण घेणार? मीच."

"हात वाकवून?"

मावशीने पत्रा मांडीवर पालथा केला.

"द्राहा, वाकवलेल्या हाताचं माप त्याच माणसाला घेता येतं का? एक हात वाकलेला, दुसऱ्यात पट्टा. मग पट्ट्याचं दुसरं टोक कोण धरणार? तुझी मांजर?"

"सरळ हातावर घेतलं," ती म्हणाली. "म्हटलं, स्वतःचा हात आहे, मला माहीत नाही का केवढा आहे."

"आख्ख्या मोराव्हियाला वाकव, वाकव म्हणून ओरडतेस…"

"हस. हस एकदाचा आणि मोकळा हो."

पण एव्झेन हसला नाही. खिशातून खडू काढून म्हणाला, "चढव पत्रे. आणि हात वाकव."

"दोन बोटं पत्रा कापावा लागेल. माझा मी कापीन."

"खूण कोण करणार? पुन्हा मांजर?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही पर्याय सुचवीन. मी कोलाच खात होते. शेवटी तिने पत्रे चढवले आणि उभी राहिली.

"वाकव," एव्झेन म्हणाला.

"वाकवलाय."

"अजून. कान खाजवतेयस असा."

"एव्झेन, मी तुला मारीन."

"मार, पण आधी हात वाकू दे."

त्याने आतल्या कडांवर खडूच्या दोन रेघा ओढल्या. पत्रे काढले. मग तिचीच पत्रा कापायची कात्री उचलली आणि म्हणाला, "तू कापतेस की मी?" मावशीने स्वतःच्या हातांकडे बघितलं. दुपारच्या त्या उठण्याने ते भरून आले होते.

"काप," ती म्हणाली. "पण तिरपी जाऊ देऊ नकोस. आणि कड आत वळव, बाहेर नाही. आणि कानस माझी घे, तुझी म्हणजे खवणी आहे."

पत्रा कापला जाताना तिने डोळे मिटून घेतले. लहान मुलाला सुई टोचताना आई मिटते तसे. जुलैतलं ऊन उशिरापर्यंत रेंगाळत होतं. एव्झेन ठोकत होता, ती सूचना देत होती, तो त्या ऐकत नव्हता. पण कड अगदी तिच्याच कडांसारखी वळली. इतकी वर्षं शत्रूचं काम इतक्या बारकाईने कोण बघत होतं, ते त्या कडेवरून कळलं.

मावशीने अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. "वाईट नाही," ती म्हणाली. "बादल्या करणाऱ्याच्या मानाने."

सूप पुन्हा आलं. आता गार झालं होतं. चमचा वर गेला आणि तोंडात शिरला. कुणीतरी ओरडणार तेवढ्यात तिने हात वर करून थांबवलं, दुसरा चमचा घेतला, तिसरा. सगळा तळ उभा आणि ही शांतपणे आख्खी वाटी संपवतेय. मग पाव मागितला, त्याने वाटी पुसून घेतली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

शनिवारी लढाई. आमच्यात एक रीत आहे: नव्या माणसाने पहिल्या हल्ल्यात मरायचं. कोण कधी मरणार हे आधी ठरवून घेतो, नाहीतर कुणीच मरत नाही. दारात मावशी आणि आणखी काही नवे पडणार, हल्लेखोर आत घुसणार, ल्युबोर दाराच्या किल्ल्या हवाली करणार. हे सगळं मीच लिहिलेलं. लाउडस्पीकरवरून प्रेक्षकांना गोष्ट सांगायचं काम माझं, आणि माझा मंच दाराला अगदी लागून.

शिंग वाजलं. हल्लेखोर टेकडीवरून आले. पुढे एव्झेन. मावशी दारात उभी, पाय रोवून, झडप खाली. एव्झेनने ठरल्याप्रमाणे तिच्या खांद्यावर वार केला. मी माइकमध्ये म्हणाले, "आणि पहिला वीर धारातीर्थी…"

वीर पडला नाही.

"पड ना!" झडपेआडून एव्झेन कुजबुजला.

"जोरात मार. मला कळलंच नाही."

त्याने पुन्हा मारला. तिने तलवार वर नेली, डोक्यावर, आणि वार अडवला. काय सुरेख अडवला! कोपर असं वळलं की पत्र्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"द्राहा, तुला मरायचंय. ठरलंय."

"तुमचं ठरलंय. मी आत्ताच आलेय."

तिच्या मागच्या नव्या पोरांनी हे ऐकलं, आणि तेही मरायचे थांबले. दारातून आत जायची वाट बंदच राहिली. हल्लेखोर एकमेकांवर आदळू लागले. तटावर किल्ल्या घेऊन उभा असलेला ल्युबोर माझ्याकडे बघून हातवारे करायला लागला: बोल काहीतरी!

माझ्या कागदावर किल्ला कधीचाच पडला होता. मी कागद खाली ठेवला.

"प्रेक्षकहो," मी म्हणाले, "त्या दिवशी स्लावेच पडला असं सांगतात. पण आपण जरा थांबू. दारात आमची द्राहामावशी उभी आहे."

गर्दीने असा गलका केला की मैदानाच्या कडेला बांधलेले घोडे बिथरले.

एव्झेनने तलवार खाली घेतली. धापा टाकत त्याने झडप उचलली. "बरं. मग आता मी काय करू?"

"मर," मावशी म्हणाली.

त्याने क्षणभर विचार केला. मग नीट, सावकाश गुडघा टेकला, गवतावर जागा बघून आडवा झाला आणि मेला.